कॅन्सरच्या रुग्णाला मालिश : पूर्वी मनाई का होती?

कॅन्सर झालेल्या माणसाचं अंग चोळायचं नाही, ही ताकीद आजही ऐकू येते. ती निव्वळ घरगुती समजूत नव्हे. पाश्चात्त्य देशांत मालिश शिकवतानाही बराच काळ हेच सांगितलं जाई : चोळल्याने रक्ताचा आणि लसीकेचा (लिम्फ, म्हणजे पेशींभोवतालून वाहणाऱ्या पातळ द्रवाचा) प्रवाह वाढतो, कॅन्सरच्या पेशी त्याच वाटेने पसरतात, तेव्हा हात लावू नका. ऐकायला बिनतोड. पण जिना चढतानाही रक्ताभिसरण वाढतंच, आणि म्हणून रुग्णाला कुणी जागचं हलू नका म्हणत नाही! पेशी पसरतात त्या त्यांच्यातच झालेल्या बदलांमुळे, हे उमगत गेलं तशी भीती ओसरली. गाठीवर दाब द्यायचा नाही, एवढं पथ्य मात्र राहिलं, आणि ते रास्तच आहे.

मधल्या काळात वेदनेकडे पाहण्याची रीतही बदलली. 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्त मांडला : स्पर्शाची संवेदना वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच अडवू शकते. ठेच लागली की अंगठा चोळायला हात आपसूक जातो, तो काही उगाच नाही. दोनच वर्षांनी डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू केलं. वेदना शरीरापुरती नसते, असं त्या सांगत.

मोजमाप आलं ते खूप उशिरा. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयाने 2004 मध्ये 1,290 रुग्णांच्या नोंदी छापल्या. मालिशनंतर त्रासाची तीव्रता साधारण निम्म्यावर आली होती. मात्र तुलनेला दुसरा गट नव्हता. 2008 च्या चाचणीने ती उणीव भरून काढली. कॅन्सर बळावलेले 380 रुग्ण. काहींना मालिश, बाकीच्यांच्या अंगावर नुसता हात ठेवायचा. आराम दोन्हीकडे पडला. लगेचचा उतार मालिशने जास्त, पण तो फरक पुढे टिकला नाही. मला यातला नुसता ठेवलेला हातच अधिक बोलका वाटतो.

2022 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत पॅलिएटिव्ह केअरमधल्या (गंभीर आजारात त्रास कमी करण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या काळजीतल्या) वेदनेसाठी मालिशला जागा मिळाली, तीही औषधांच्या जोडीने. मॉर्फिन चालू असेल तर ते वेळेवर घ्यायचंच. शिवाय ही मालिश म्हणजे रगडणं नव्हे. प्लेटलेट्स कमी असतील, हाडांत कॅन्सर उतरला असेल तर हात अगदी हलका ठेवायचा आणि आधी डॉक्टरांना विचारायचं. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला, तर तो चेपायचा नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते.