राइस, जेरी

(१३ ऑक्टोबर १९६२– ). अमेरिकन फुटबॉलमधील वाइड रिसीव्हर या जागेवर खेळलेला विक्रमवीर. पूर्ण नाव जेरी ली राइस. १९८५ ते २००४ अशी सलग २० वर्षे तो नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या व्यावसायिक साखळी स्पर्धेत खेळला. त्यातील पहिले १६ हंगाम त्याने सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या एकाच संघासाठी काढले.

वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेला, मुख्य झटापटीपासून दूर उभा राहतो. चेंडू खेळात आला की ठरलेल्या मार्गाने धावायचे, अंगावर येणाऱ्या बचावपटूला चुकवायचे आणि क्वार्टरबॅकने फेकलेला पास झेलून प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनकडे (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवून देणाऱ्या पट्ट्याकडे) सुटायचे, हे त्याचे काम. त्यासाठी वेग हवाच, असा सर्वसाधारण समज आहे. राइसची कारकीर्द मात्र तो समज खोटा पाडते. ४० यार्डांच्या धावेत त्याची वेळ साधारणच होती आणि या एका आकड्यामुळे अनेक संघ त्याच्याबद्दल साशंक होते.

मिसिसिपी राज्यातील स्टार्कव्हिल येथे जन्म. बालपण जवळच्याच क्रॉफर्ड या खेड्यात गेले. वडील गवंडी. सुट्टीत जेरी आणि त्याचे भाऊ त्यांच्या हाताखाली राबत. भावांनी खालून फेकलेल्या विटा वर उभा असलेला जेरी झेलत असे. आपले हात घडले ते या कामामुळे, असे तो पुढे सांगत आला. फुटबॉलमध्ये तो आला तोही अपघातानेच. वर्गाला दांडी मारलेली उपमुख्याध्यापकांनी पकडली तेव्हा तो असा सुसाट पळाला, की त्यांनी ती गोष्ट फुटबॉल प्रशिक्षकाच्या कानावर घातली.

मोठ्या विद्यापीठांनी त्याला विचारले नाही. इट्टा बेना येथील मिसिसिपी व्हॅली स्टेट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या लहानशा विद्यापीठात मात्र त्याला नेमके हवे ते मिळाले. तेथील प्रशिक्षक आर्ची कूली जवळजवळ प्रत्येक चालीत पास फेकायला लावत आणि विली टॉटन हा क्वार्टरबॅक ते बिनचूक फेकत असे. १९८४ च्या हंगामात राइसने २७ टचडाउन पास (एंड झोन गाठून गुण मिळवून देणारे पास) झेलले. त्याच सुमारास फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श सामन्यासाठी ह्यूस्टनला आले होते. हॉटेलच्या खोलीत रात्री दूरचित्रवाणीवर त्यांनी या मुलाच्या खेळाची दृश्ये पाहिली. फोर्टीनाइनर्स त्या हंगामाचे विजेते ठरल्यामुळे १९८५ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या पाळीपाळीने होणाऱ्या निवडीत) त्यांची पाळी सर्वांत शेवटी होती. वॉल्श यांनी न्यू इंग्लंड या संघाशी अदलाबदल करून १६ वी पाळी मिळवली आणि राइसला घेतले.

सुरुवात अवघड गेली. पहिल्या हंगामात हातात आलेले पास निसटू लागले आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. डिसेंबरमध्ये लॉस अँजेलिस रॅम्सविरुद्ध त्याने १० झेलांत २४१ यार्डांचे अंतर मिळवले, तेव्हा कुठे सूर बदलला. १९८७ साली, खेळाडूंच्या संपामुळे वाट्याला आलेल्या अवघ्या १२ सामन्यांत, त्याने २२ टचडाउन पास झेलले. रँडी मॉसने २००७ मध्ये २३ झेलून हा विक्रम मोडला, पण त्याला १६ सामने मिळाले होते.

वॉल्श यांची पद्धत आखूड, वेळेवर बेतलेल्या पासांची होती आणि त्यातील ‘स्लँट’ ही चाल राइसच्या खेळाचा गाभा म्हणता येईल. रिसीव्हर तीन-चार पावले सरळ जातो, बाहेरचा पाय रोवतो आणि तिरका आत वळतो. तो वळत असतानाच चेंडू क्वार्टरबॅकच्या हातातून सुटलेला असतो. पाऊल अर्ध्या फुटाने चुकले तरी पास बचावपटूच्या हाती जाण्याचा धोका. राइसची पावले चुकत नसत. चेंडू घेताना त्याची धाव मंदावत नसे आणि घड्याळावर त्याच्यापेक्षा वेगवान असणारे बचावपटू मागे राहत. सरावातही प्रत्येक झेलानंतर तो थेट एंड झोनपर्यंत धावत जाई. हंगाम संपल्यावर सॅन कार्लोसजवळच्या एका टेकडीवरील सुमारे अडीच मैलांचा चढ धावून काढणे हा त्याचा नेम होता. बरोबर आलेले खेळाडू बहुधा मध्येच थांबत.

त्याने तीन सुपर बोल (एनएफएलचे अंतिम सामने) जिंकले. त्यांपैकी जानेवारी १९८९ मधील सिनसिनाटी बेंगल्सविरुद्धचा सामना सर्वांत मोलाचा. फोर्टीनाइनर्स १३–१६ असे मागे होते, चेंडू स्वतःच्या ८ यार्डांच्या रेषेवर आणि हातात तीन-साडेतीन मिनिटे. क्वार्टरबॅक जो मोंटॅनाने त्या ९२ यार्डांच्या वाटचालीत राइसला तीन पास दिले आणि त्यांतून ५१ यार्ड आले. अखेरचा टचडाउन पास जॉन टेलरने झेलला, ३४ सेकंद उरले असताना. राइसचे त्या दिवसाचे ११ झेल आणि २१५ यार्ड पाहता सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला मिळाला. पुढच्याच वर्षी डेन्व्हरविरुद्ध (५५–१०) आणि जानेवारी १९९५ मध्ये सॅन डिएगोविरुद्ध (४९–२६) त्याने प्रत्येकी तीन टचडाउन केले. मोंटॅनानंतर आलेला स्टीव्ह यंग डावखुरा. त्याच्या हातून सुटलेला चेंडू उलटा फिरतो, तरी या जोडीने ८५ टचडाउन केले.

पहिल्या १२ हंगामांत दुखापतीमुळे राइसचा एकही सामना चुकला नव्हता. १९९७ च्या पहिल्याच सामन्यात डाव्या गुडघ्याचे अस्थिबंध (लिगामेंट) तुटले. साडेतीन महिन्यांत तो परतला, टचडाउन झेलला आणि त्याच झेलात खाली पडताना गुडघ्याची वाटी फुटली. ही घाई चुकीची होती, असेच म्हणावे लागेल. तरी पुढच्या हंगामात तो पुन्हा उभा राहिला. २००१ मध्ये तो शेजारच्या ओकलंड रेडर्सकडे गेला. २००२ मध्ये, वयाची चाळिशी गाठत असताना, त्याने ९२ झेल आणि १,२११ यार्ड नोंदवून संघाला सुपर बोलपर्यंत नेण्यात हातभार लावला. तेथे टॅम्पा बेने त्यांना ४८–२१ असे हरवले. २००४ च्या हंगामाच्या मध्येच ओकलंड सोडून, उरलेला हंगाम सिएटलकडून खेळून सप्टेंबर २००५ मध्ये त्याने निवृत्ती घेतली.

एकूण ३०३ सामने, १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड (जवळजवळ २१ किलोमीटर) आणि २०८ टचडाउन. यार्डांच्या यादीत दुसरा असलेला लॅरी फिट्झजेराल्ड १७,४९२ वर थांबला. राइसला गाठायचे तर दर हंगामात सुमारे १,१४५ यार्ड असे २० हंगाम खेळावे लागेल. नियम आता पासच्या खेळाला अधिक अनुकूल आहेत आणि २०२१ पासून हंगामही १७ सामन्यांचा झाला आहे. तरीही हा विक्रम अबाधित आहे. २०१० मध्ये कँटन येथील प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. इट्टा बेना येथील विद्यापीठाच्या मैदानाला राइस–टॉटन स्टेडियम हे नाव देण्यात आले आहे. मुलगा ब्रेंडन हाही वाइड रिसीव्हर असून २०२४ च्या ड्राफ्टमध्ये त्याला लॉस अँजेलिस चार्जर्सने निवडले.