मशीन चालू आहे, मग पिल्लं कमी का निघाली?

अंडी उबवायचं मशीन (इनक्युबेटर) घेतलं की बाविसाव्या दिवशी बऱ्याच जणांचा फोन येतोच, दादा अर्धीच पिल्लं निघाली, मशीनमध्ये फॉल्ट आहे का. असतो कधीकधी, आम्ही बघून देतो. पण बऱ्याचदा गडबड अंडी मशीनमध्ये जायच्या आधीच झालेली असते.

दुकानातल्या पांढऱ्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, लेअर फार्मवर कोंबडाच नसतो. घरच्या कळपात आठ-दहा कोंबड्यांमागं एक तरणा कोंबडा पाहिजे. अंडी सात दिवसांच्या आतली घ्या, फ्रीजमध्ये ठेवू नका, धुवू तर अजिबात नका, धुतलं की सालीवरचं आवरण जातं आणि जंतू आत शिरतात. लांबून गाडीवर आणलेली अंडी एक दिवस निमुळतं टोक खाली करून नुसती ठेवा, मग लावा.

टेंपरेचर पंख्याच्या मशीनला 37.5 ते 37.7. डिस्प्लेवर डोळे झाकून विश्वास नको, आमच्या मशीनचा सेन्सर वायरीसकट बाहेर निघतो, तो आणि ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर कोमट पाण्यात एकत्र धरा, फरक लगेच कळतो. थोडं कमी पडलं तर पिल्लं उशिरा निघतात, पण 39 च्या वर गेलं आणि तसंच राहिलं तर आतल्या आत मरतात. म्हणून लाइट गेली की घाबरून झाकण उघडू नका, वरून गोधडी टाका, फक्त हवेची भोकं मोकळी ठेवा.

आता ह्युमिडिटी, सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. पुस्तकात 50 ते 55 टक्के लिहिलेलं असतं आणि ते बरोबरच आहे, पण कोकणात जुलैमध्ये ट्रेत पाणी न घालताच तेवढी होते आणि तिकडं मराठवाड्यात एप्रिलमध्ये दोन्ही ट्रे भरले तरी होत नाही, त्यामुळं किती पाणी घालायचं ते आम्ही फोनवर सांगू शकत नाही. वजन करा. दहा अंडी 500 ग्रॅम भरली असतील तर अठराव्या दिवशी 440 च्या आसपास यायला पाहिजेत. जास्तच उतरली तर पाणी वाढवा, उतरतच नसली तर कमी करा, दर चार-पाच दिवसांनी काटा लावला तर वेळेत कळतं.

अठराव्या दिवशी टर्निंग (अंडी फिरवणं) बंद, ह्युमिडिटी 65 ते 70, आणि झाकण बंद म्हणजे बंद. चोच मारल्यावर पिल्लू बाहेर यायला चोवीस तास सुद्धा लागतात. आपल्याला बघवत नाही, पण कवच सोलू नका, रक्तवाहिन्या अजून चालू असतात, बलक पोटात ओढला जात असतो. निघालेली पिल्लं वाळेपर्यंत आतच राहू द्या, त्या बलकावर ती दिवसभर खाण्याशिवाय आरामात राहतात.

आणि न फुटलेली अंडी फेकायच्या आधी फोडून बघा, वास येतो, बाहेर अंगणात फोडा. आत काहीच नाही म्हणजे बहुतेक कोंबड्याचा प्रश्न. रक्ताची रिंग दिसली तर पहिल्या आठवड्यातच मेलंय, शिळी अंडी किंवा टेंपरेचर वरखाली. पूर्ण वाढलेलं पिल्लू पाण्यात चिकचिकीत असेल तर ओल जास्त झाली, पापुद्रा वाळून अंगाला चिकटला असेल तर कमी पडली. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा, सोबत कुठल्या गावाला आहात आणि अंडी कधी लावली तेवढं लिहा.