अमेरिकी सॉकरची पार्श्वभूमी: प्रेक्षक होते, घर नव्हतं

अमेरिकी माणसाला सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, कळत नाही, असं आपल्याकडचे फुटबॉलवेडे सहज बोलून जातात. जुन्या नोंदी चाळल्या की हे विधान टिकत नाही. 1921 मध्ये तिथे अमेरिकन सॉकर लीग सुरू झाली आणि ते दशक तिने गाजवलं. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलहेम स्टील कंपनीचा संघ, मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर या गिरणगावाचा संघ, असे कामगार वस्त्यांत वाढलेले संघ तिच्यात होते. स्कॉटलंडचे खेळाडू चांगल्या पगारासाठी अटलांटिक ओलांडून येत, आणि तिकडचे क्लब त्याबद्दल तक्रारी करत. 1930 च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिका उपांत्य फेरीत पोहोचली. विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक फॉल रिव्हरच्या बर्ट पॅटनॉडच्या नावावर आहे.

ही लीग बुडाली ती प्रेक्षकांनी पाठ फिरवली म्हणून नव्हे. राष्ट्रीय चषकात संघ पाठवायचे की नाहीत, यावरून 1928 मध्ये लीग आणि राष्ट्रीय महासंघ यांच्यात जुंपली. भांडण मिटेपर्यंत महामंदी आली आणि 1933 मध्ये सगळा कारभार आटोपला. पुढची तीसेक वर्षं हा खेळ स्थलांतरितांच्या रविवारच्या मैदानांवर जगला. 1950 मध्ये ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते इथे अमेरिकेने इंग्लंडला 1-0 असं हरवलं. गोल करणारा ज्यो गेटजेन्स न्यूयॉर्कमध्ये शिकायला आलेला हैतीचा तरुण होता. पण मायदेशी त्या विजयाची फारशी दखल कोणी घेतली नाही.

मोठा पैसा आला तो टीव्हीमुळे. 1966 चा विश्वचषक अंतिम सामना अमेरिकेत दाखवला गेला आणि धनाढ्यांच्या डोळ्यांत चमक आली. पुढच्याच वर्षी एक सोडून दोन व्यावसायिक लीग उभ्या राहिल्या. एकीला फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेची मान्यता होती, पण खेळाडू नव्हते. म्हणून तिने युरोप आणि दक्षिण अमेरिकेतले अख्खे क्लब उन्हाळ्यापुरते आयात केले: इंग्लंडचा वुल्व्हरहॅम्प्टन संघ लॉस एंजेलिस वुल्व्ह्ज झाला, स्टोक सिटी क्लीव्हलंड स्टोकर्स. दुसरीला मान्यता नव्हती, पण सीबीएस वाहिनीचा करार होता.

त्या कराराने खेळाची खरी अडचण उघडी पाडली. अमेरिकी टीव्ही जाहिरातींवर चालतो. बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल मध्येमध्ये आपणहून थांबतात. सॉकर 45 मिनिटं थांबतच नाही. मग जाहिरात दाखवायची कधी? 1967 मध्ये एका पंचाने कबूल केलं, की आपण दिलेल्या काही फाउल जाहिरातींना वेळ मिळावा म्हणूनच होत्या. प्रेक्षकाला खेळ आवडावा म्हणून खेळालाच वाकवायचं, ही खोड तिथे पुढे तीस वर्षं टिकली.

दोन्ही लीग एकत्र येऊन 1968 मध्ये नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग झाली. पहिल्या वर्षी 17 संघ, दुसऱ्या वर्षी उरले 5. ती तगली ती लीगचा कमिशनर फिल वूस्नम, धनाढ्य संघमालक लामार हंट अशा काही चिवट माणसांमुळे, आणि मग 1975 च्या जूनमध्ये न्यूयॉर्क कॉसमॉसने पेलेला आणलं. कॉसमॉसच्या मागे वॉर्नर कम्युनिकेशन्स ही करमणूक कंपनी होती. तिला तारा कसा विकायचा हे ठाऊक होतं, खेळ कसा रुजवायचा हे नव्हे. पेलेचा पहिला सामना रँडल्स आयलंडच्या जीर्ण मैदानावर होता. गवत विरळ होतं, म्हणून टीव्हीसाठी मातीला हिरवा रंग फासला होता. सामन्यानंतर पायांवरचा तो रंग पाहून आपल्याला बुरशी झाली असं पेलेला वाटलं, असा किस्सा सांगतात. त्या लीगचं वर्णन करायला मला यापेक्षा नेमकं काही सापडलेलं नाही.

दोनच वर्षांत चित्र पालटलं. इटलीचा किनाल्या आणि जर्मनीचा बेकनबाउर हे नामांकित खेळाडू आले. 1977 च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या जायंट्स स्टेडियमवर एका सामन्याला 77,691 प्रेक्षक होते. त्याच सप्टेंबरमध्ये हा संघ कोलकात्यातही येऊन गेला. ईडन गार्डन्सवर मोहन बागानने पेलेच्या कॉसमॉसला 2-2 असं रोखलं, त्याच्या गोष्टी बंगाली घरांत अजून रंगतात. आठवडाभरात न्यूयॉर्कला परतून पेले निवृत्त झाला.

कॉसमॉसची नक्कल करण्याच्या नादात 1978 मध्ये लीगमध्ये 24 संघ झाले. पगार कॉसमॉससारखे, गल्ला मात्र गावाच्या वकुबाइतका. बरोबरी अमेरिकनांना आवडत नाही म्हणून शूटआउट आणला होता: 35 यार्डांवरून चेंडू घेऊन एकट्या गोलकीपरवर धावायचं. ऑफसाइडची रेषाही मैदानाच्या मध्यावरून हलवून गोलपासून 35 यार्डांवर ओढली होती. एबीसी वाहिनीने सामने दाखवले, प्रेक्षकसंख्या पाहून सोडूनही दिले. 1984 च्या हंगामानंतर लीग बंद पडली.

दरम्यान उपनगरांत लाखो मुलं-मुली सॉकर खेळायला लागली होती. 1972 च्या टायटल नाइन कायद्याने शिक्षणसंस्थांना मुलींच्या खेळांवरही खर्च करावा लागला, आणि त्यातून जगातला सर्वांत बलाढ्य महिला संघ तयार झाला. 10 जुलै 1999 ला रोझ बोलमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चीनला पेनल्टींवर हरवताना त्यांना 90,185 जणांनी पाहिलं. तरीही त्या लाटेवर 2001 मध्ये सुरू झालेली महिला लीग तीन हंगामांत बंद पडली. गर्दी आणि धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट दाखला नाही.

पुरुषांची सध्याची मेजर लीग सॉकर ही मुळात एका वचनाची फेड. 1994 चा विश्वचषक अमेरिकेला 1988 मध्ये मिळाला, तो व्यावसायिक लीग सुरू करण्याच्या बोलीवर. स्पर्धेला सरासरी जवळजवळ 69,000 प्रेक्षक आले. लीगचा पहिला सामना 6 एप्रिल 1996 ला सॅन होजेत झाला. कॉसमॉसचा धसका इतका होता, की खेळाडूंचे करार संघांशी नाही, थेट लीगशीच ठेवले आणि पगारांना मर्यादा घातली. खेळाडू याविरुद्ध कोर्टात गेले आणि हरले. शूटआउट मात्र परत आला, घड्याळही उलटं, 45 वरून शून्याकडे, चालू लागलं. जाणकार प्रेक्षक हसले, नवखे आले नाहीत. 2000 पासून दोन्ही प्रकार बंद झाले.

2002 च्या सुरुवातीला फ्लोरिडातले दोन संघ गुंडाळले गेले. उरलेल्या दहांपैकी सहा एकट्या फिलिप अन्शुट्झ या उद्योगपतीकडे होते. त्या वर्षी मालकांनी केलेली गोष्ट मला इंग्लंडचा तारा डेव्हिड बेकहॅमच्या पुढच्या आगमनापेक्षा महत्त्वाची वाटते. 2002 आणि 2006 च्या विश्वचषकांचे इंग्रजी प्रक्षेपण हक्क त्यांनीच विकत घेतले आणि सॉकर युनायटेड मार्केटिंग ही कंपनी काढली. पुढे मेक्सिकोच्या राष्ट्रीय संघाचे अमेरिकेतले सामनेही तिच्याकडे आले. म्हणजे मेक्सिकन चाहत्यांच्या तिकिटांवर अमेरिकी लीगचा संसार चालला.

दुसरी गोष्ट स्टेडियमची. 80,000 आसनांच्या भाड्याच्या मैदानात 15,000 माणसं बसली की टीव्हीवर ते ओसाड दिसतं, आणि पार्किंगचे, खाण्यापिण्याचे पैसे घरमालक नेतो. लामार हंटने 1999 मध्ये कोलंबसला सुमारे 22,000 आसनांचं फक्त सॉकरसाठीचं स्टेडियम बांधलं. मग इतरांनी तोच रस्ता धरला.

म्हणून 2007 मध्ये बेकहॅम आला तेव्हा त्याच्यासाठी पगारमर्यादा वाकवूनही लीग बुडाली नाही. त्याच्या करारात अडीच कोटी डॉलरला नवा संघ घेण्याची मुभा होती. त्यातूनच 2020 मध्ये इंटर मायामी उतरला आणि 2023 मध्ये मेस्सी आला. 2025 मध्ये उतरलेल्या सॅन दिएगोच्या मालकांना प्रवेशासाठी 50 कोटी डॉलर मोजावे लागले.

2025 च्या नोव्हेंबरमध्ये लीगने आणखी एक निर्णय घेतला. 1996 पासून हंगाम वसंतात सुरू होऊन वर्षअखेरीस संपत आला. 2027 पासून तो युरोपसारखा उन्हाळ्यात सुरू होऊन पुढच्या वसंतात संपेल, मध्ये हिवाळ्याची सुट्टी असेल. मिनेसोटा आणि टोरंटोच्या प्रेक्षकांना आता फेब्रुवारीच्या थंडीचा हिशेब मांडावा लागणार आहे.