जास्वंद जे दाखवत नाही, ते पेटारी दाखवते

ठाणे-बेलापूर रस्त्याची कडा, ट्रान्स-हार्बर रेल्वेचं कुंपण, रबाळे-घणसोलीकडच्या बंद कारखान्यांची आवारं, घोडबंदर रोडवर जुनं बांधकाम पाडून तसेच ठेवलेले प्लॉट. जिथे कोणी मुद्दाम काही लावलेलं नाही आणि राडारोडा पडलेला आहे, अशा जागी एक झुडूप हमखास उगवतं. कधी कमरेएवढं, कधी पुरुषभर उंच. पानं हृदयाच्या आकाराची, कडेला दातेरी, रंगाने राखाडीकडे झुकणारी हिरवी आणि हाताला मऊ. फुलं पिवळी, दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची, पानाच्या बगलेत एकेकटी येणारी. फळं चाकासारखी, आधी हिरवी आणि वाळल्यावर काळपट. ही पेटारी. कुठे तिला मुद्रा म्हणतात, कुठे करंडी, आणि आयुर्वेदात अतिबला. शास्त्रीय नाव अब्युटिलॉन इंडिकम. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५६ मध्ये तिची नोंद सायडा या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, केली होती. १८२६ मध्ये रॉबर्ट स्वीट याने तिला अब्युटिलॉन प्रजातीत आणलं आणि आजही ती तिथेच आहे.

सोसायटीच्या साफसफाईत किंवा पावसाळ्याआधीच्या नालेसफाईत ही झुडपं गवताबरोबर कापली जातात. सगळीच ठेवा असं मी म्हणत नाही. पण शाळेच्या कुंपणालगत उगवलेलं एक तरी झुडूप राहू द्यावं, असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण सरळ आहे. आपल्याकडे फुलाचे भाग शिकवायचे म्हटलं की जास्वंद आणली जाते. फूल मोठं, भाग सुटे सुटे दिसतात, मिळायलाही सोपं. पण बागेतली जास्वंद फांद्यांच्या छाटांपासून वाढवतात आणि तिला फळ क्वचितच धरतं. त्यामुळे किंजपुटाचं फळ होतं आणि बीजांडाचं बी होतं हे वाक्य मुलं पाठ करतात, पण ज्या फुलावर ते शिकली त्याचं फळ त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. पेटारी त्याच कुळातली. तिच्या एकाच फांदीवर कळी, फूल, हिरवं फळ आणि फुटलेलं फळ असं सगळं एका वेळी मिळतं. भिंग आणि टाचणी एवढं सामान पुरतं.

एक अडचण आहे, तीही आधी सांगतो. पेटारीचं फूल सकाळी उघडत नाही. दुपार कलल्यावर ते उमलतं आणि त्याचं आयुष्य एका दिवसापुरतंच असतं. सकाळच्या सत्रातल्या वर्गाला झुडपावर फक्त कळ्या आणि कालची मिटलेली फुलं दिसतील. दुपारच्या सत्राची शाळा असेल तर उत्तम.

फूल तोडलं की आधी ते उलटं धरा. पिवळ्या पाकळ्यांकडे नंतर बघू. खालच्या बाजूला पाच हिरवी निदलं दिसतात, बुडाशी एकमेकांना जुळलेली. त्यांच्या बाहेर काहीच नाही. हे "काहीच नाही" फार महत्त्वाचं आहे. जास्वंदीचं फूल उलटं केलं तर निदलपुंजाच्या बाहेर बारीक हिरव्या पात्यांचं आणखी एक कडं असतं. भेंडीलाही असतं. कपाशीला तर तीन रुंद, झालरीसारख्या कातरलेल्या पात्यांचं असतं आणि बोंड मोठं होईपर्यंत ते टिकतं. या जादा कड्याला अपिसंवर्त म्हणतात. पेटारीत ते नसतं. आता फुलाचा देठ बघा. टोकाच्या जरा खाली त्याला एक सांधा असतो, नीट पाहिल्याशिवाय तो लक्षात येत नाही.

आता फूल सरळ करा. पाच पाकळ्या एकमेकींवर तिरप्या चढलेल्या असतात, प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. मधोमध पुंकेसरांची नळी उभी असते. भेंडी कुळाची ही मोठी खूण. पुंकेसर सुटे नसतात, त्यांचे तंतू जुळून एक नळी बनते आणि स्त्रीकेसराचा देठ त्या नळीच्या आतून वर येतो. जास्वंदीत ही नळी लांब असते आणि परागकोश तिच्या अंगाला बाहेरून चिकटलेले दिसतात. पेटारीत नळी आखूड असते आणि परागकोशांचा झुपका टोकाशी जमतो. भिंगातून एकेक परागकोश तपासला तर कळतं की त्याला एकच कप्पा आहे. बहुतेक फुलझाडांच्या परागकोशाला दोन कप्पे असतात. या कुळाकडे अर्धाच परागकोश आहे, असं म्हटलं तरी चालेल.

परागकण घेऊन शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. ते गोल आणि काटेरी दिसतात. काटेरी परागकण ही या कुळातल्या जास्वंद, कपाशी, भेंडी यांच्या शाखेची खासियत. मधमाशी पराग गोळा करते तेव्हा तो ओलसर करून मागच्या पायांवरच्या टोपलीत दाबून बसवते. कपाशीच्या फुलांवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की हे काटे तिला पराग नीट दाबू देत नाहीत, आणि बराचसा पराग ती झाडून टाकते. तिच्या अंगाच्या केसांत अडकलेला पराग मात्र पुढच्या फुलापर्यंत जातो. झाडाचा फायदा नेमका त्यातच आहे.

मधाची जागाही या कुळात अनपेक्षित ठिकाणी असते. आपण तो फुलाच्या मध्यात शोधतो. इथे मध झिरपतो निदलांच्या आतल्या बाजूला, अगदी बुडाशी, दाटीने उभ्या असलेल्या सूक्ष्म ग्रंथिकेसांतून. पाकळ्या बुडाशी अरुंद होतात आणि दोन पाकळ्यांच्या मध्ये फट राहते. कीटकाची सोंड त्या फटीतून खाली मधापर्यंत जाते. एक पाकळी हळूच ओढून काढा आणि खालच्या निदलाचं बूड भिंगाखाली धरा. ती केसाळ पट्टी दिसते.

नुसता पिवळा रंग बघून झुडूप ओळखायला गेलं तर ठाण्याच्या परिसरात फसायला होतं. येऊरच्या जंगलात पावसाळा संपता संपता रानभेंडी फुलते. तिची फुलंही पिवळी, पण खूप मोठी आणि मध्यभागी गडद जांभळी. खाडीकाठी कांदळवनाच्या कडेला भेंडीचं झाड असतं, भाजीची भेंडी नव्हे. त्याचं फूल पिवळं उमलतं आणि मावळताना जांभळट लाल होतं. रस्त्याच्या कडेला पेटारीच्या अगदी शेजारी उगवते ती तुपकडी, काहीजण चिकणा म्हणतात ती. ही सायडा प्रजातीतली. तिचं फूल पेटारीपेक्षा लहान, आणि ती साधारण सकाळी फुलून दुपारपर्यंत मिटते. अपिसंवर्त तिलाही नसतो, त्यामुळे फूल उलटं करून या दोघी वेगळ्या ओळखता येत नाहीत. तिथे फळ उघडावं लागतं. तुपकडीच्या फळाच्या प्रत्येक कप्प्यात एकच बी असते. पेटारीच्या कप्प्यात दोन किंवा तीन. लिनिअसच्या सायडामधून पेटारी वेगळी का, ते असं फळ उघडून दोन मिनिटांत समजतं.

औषधी मुळ्यांच्या बाजारात बला या नावाखाली सायडाच्या अनेक जाती एकमेकींत मिसळून येतात, हे अभ्यासकांनी वारंवार दाखवलेलं आहे. म्हणून रस्त्याकडेचं झुडूप उपटून घरी काढा करण्याचा विचार कोणी करू नये. ओळख चुकण्याचा धोका आहे आणि औद्योगिक पट्ट्यातल्या मातीत काय काय झिरपलेलं असेल त्याचाही.

अब्युटिलॉन म्हणजे सगळीकडे उगवणारं रान, असाही समज नको. याच प्रजातीतली सोनघंटा फक्त सह्याद्रीत, तीही मोजक्या डोंगरउतारांवर सापडते. तिची फुलं घंटेसारखी लोंबती आणि मोठी असतात. १८९४ मध्ये वुड्रो आणि स्टाप्फ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि रानडे यांच्या नावावरून तिला अब्युटिलॉन रानडेई असं नाव दिलं. आज ती धोक्यात आलेल्या वनस्पतींत गणली जाते. एक बहीण राडारोड्यावर सुखाने वाढते, दुसरीला कड्याच्या कपारीचीही शाश्वती नाही. हा फरक का पडला असावा, याचा मी अनेकदा विचार करतो. पेटारीच्या बाजूने निदान अर्धं उत्तर तिच्या फळात आणि बियांत आहे.

फळाकडे वळण्याआधी फुलातली एक गोष्ट मोजून ठेवा. पुंकेसरांच्या झुपक्यातून वर आलेली बारीक गोल टोकं म्हणजे स्त्रीकेसराची कुक्षी. जास्वंदीत ती पाच असतात. पेटारीत साधारण १५ ते २०. आता त्याच झुडपावरचं फळ घेऊन त्याचे कप्पे मोजा. तितकेच भरतात. प्रत्येक टोक खालच्या एका कप्प्याशी जोडलेलं असतं, म्हणून आकडा जुळतो. जास्वंदीवर हे कधीच पडताळता येत नाही. पेटारीवर सहावीतलं पोरही ते करून बघू शकतं. कच्चं फळ रंगात बुडवून कागदावर दाबलं की त्याचा सुंदर ठसा उठतो, आणि ठशातल्या रेषा मोजल्या तरी कप्पे मोजून होतात.

वाळल्यावर हे कप्पे एकमेकांपासून सुटायला लागतात आणि प्रत्येक कप्पा वरच्या टोकाशी फाटतो. फळ लगेच गळत नाही, बरेच दिवस फांदीवर तसंच राहतं. वाऱ्याने, गुरांच्या धक्क्याने, शेजारून जाणाऱ्या लोकलच्या झोताने हललं की थोड्या थोड्या बिया खाली पडतात. या दिवसांत फळांवर लाल-काळे ढेकूण दिसतील, पांढऱ्या पट्ट्यांचे, लहानमोठे सगळे एकाच जागी दाटीने बसलेले. हे कपाशीवरचे लाल ढेकूण. सोंड कप्प्यात खुपसून ते बीमधला रस शोषतात. त्यांच्यातच एखादा जरा दणकट, जवळजवळ तसाच लाल ढेकूण फिरताना दिसला तर त्याच्यावर नजर ठेवा. तो अँटिलोकस असू शकतो, आणि तो बिया खात नाही. तो या लाल ढेकणांचीच शिकार करतो.

कापूस पिकवणाऱ्या भागात पेटारीवर राग आहे आणि तो रास्त आहे. ठिपक्यांची बोंडअळी आणि पिठ्या ढेकूण पीक नसलेल्या दिवसांत पेटारीवर तग धरतात, म्हणून बांधावरची झुडपं काढून टाका असा सल्ला दिला जातो. आपल्याकडे कापूस नाही. पण रुळांच्या कडेच्या पट्ट्यांत किंवा गच्चीत कोणी भेंडी लावली असेल, तर त्याच्या अगदी शेजारी पेटारी नको.

बी भिंगाखाली धरली तर मूत्रपिंडाच्या आकाराची, गडद तपकिरी, वरून बारीक खरखरीत दिसते. ती ओल्या मातीत टाकली तरी बऱ्याचदा रुजत नाही, कारण पाणी आत जातच नाही. तिच्या सालीत उभ्या, जाड भिंतींच्या पेशींचा घट्ट थर असतो. पाण्याला वाट असते ती एकाच ठिकाणी, एका सूक्ष्म बुचासारख्या जागी, आणि तीही बंद असते. उघड्या जमिनीवर ऊन तापतं, रात्री जमीन निवते, आणि हे चढउतार चालू राहिले की ती जागा सैल होते. मग पाऊस पडला की बी फुगते. सावलीत किंवा खोल मातीत पडलेल्या बीला हा ताप मिळत नाही, ती पडून राहते.

किती काळ राहू शकते? पेटारीच्या जवळच्या नात्यातली एक जात अमेरिकेत शेतातलं तण म्हणून कुप्रसिद्ध आहे. १९०२ मध्ये तिथे अनेक वनस्पतींच्या बिया मुद्दाम जमिनीत पुरून ठेवल्या आणि मधून मधून काढून तपासल्या. ३९ वर्षांनंतरही या जातीच्या बिया रुजल्या.

नवी मुंबईत ही गोष्ट जागोजागी लागू पडते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यापासून इथली भातखाचरं, मिठागरं आणि खाडीकाठ मुरूम टाकून भरले गेले. आजही एका नोडमधली, म्हणजे शहराच्या एका विभागातली, माती खणून दुसऱ्या नोडमध्ये भराव म्हणून जाते. त्या मातीबरोबर पडून असलेल्या बिया जातात. वर झाड नाही, सावली नाही, एप्रिल-मेचं ऊन थेट जमिनीवर. बीला नेमकं हेच हवं असतं. जूनमध्ये पाऊस येतो आणि नवा कोरा भराव ऑगस्टपर्यंत हिरवा होतो. कोणी पेरलं, कुठून आलं, असं लोक विचारतात. बऱ्याचदा ते डंपरमधून आलेलं असतं. दाट झाडी वाढली की पेटारी मागे हटते, म्हणून बांधून झालेल्या, सावलीदार जुन्या सेक्टरपेक्षा ती नव्या, उघड्या सेक्टरमध्ये जास्त दिसते.

हे वर्गात दाखवायचं तर नोव्हेंबरपासून पुढे वाळलेली फळं गोळा करा आणि ४० बिया मोजून घ्या. त्यातल्या २० बिया पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासा, साल जरा खरवडली जाईल इतपतच. उरलेल्या २० तशाच ठेवा. दोन वाट्यांत पाणी घेऊन वेगवेगळ्या भिजत घाला आणि वाट्यांवर नावं लिहा. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाट्यांतल्या फुगलेल्या बिया मोजा. मग सगळ्या बिया ओल्या कापडात गुंडाळून आठवडाभर रोज बघा, आणि कोणत्या वाटीतल्या किती बियांना मोड आले ते वहीत लिहा.