अश्वगंधा नेल्यावर पंधराव्या दिवशी रिपोर्ट काढू नका

काउंटरवर आठवड्याला चार-पाच जण तरी हळूच विचारतात, "चायनीज फार खाल्लं, त्या अजिनोमोटोने शुक्राणूंचा काउंट उतरतो म्हणे. त्यावर कुठला अर्क आहे का?" चारचौघांत हे विचारणं तुम्हाला अवघड जातं आणि तेच तेच सांगण्यात मागच्या गिऱ्हाइकाचा त्रिफळा राहून जातो, म्हणून हा कागद छापला.

मोबाइलवर जे वाचता ते प्रयोग बहुतेक उंदरांवरचे. काहींत वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त अजिनोमोटो रोज दिलेलं असतं. सरळ हिशोब केला तर 70 किलोच्या माणसाला दिवसाला 70 ग्रॅम, म्हणजे भाजीच्या वाटीत मावेल एवढं. इतकं कोणी खात नाही. आधी मुद्दाम इजा करायची, मग सोबत वनस्पतीचा अर्क देऊन ती किती कमी होते ते बघायचं, अशी त्या प्रयोगांची रीत. त्यातून दिशा कळते, पण "अर्क घ्या आणि बिनधास्त मंचुरियन खा" असा अर्थ निघत नाही. पाकिटावर 621 हा आकडा दिसला तर ते अजिनोमोटोच. कमी खा, एवढं पुरे.

आता खरी चूक. गिऱ्हाईक काउंट वाढावा म्हणून अश्वगंधेचं चूर्ण नेतं आणि पंधराव्या दिवशी लॅबमध्ये जातं. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, पुढे बाहेर येण्याच्या वाटेवर आणखी थोडे. म्हणजे आजच्या नमुन्यात दिसतो तो अडीच-तीन महिन्यांपूर्वीचा माल. तेव्हा डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल तर तोही आजच्या रिपोर्टात उतरतो. अश्वगंधेची 46 पुरुषांवरची एक चाचणी 2013 साली प्रसिद्ध झाली. तीही 90 दिवसांची होती (आणि अजिनोमोटोशी तिचा काही संबंध नव्हता).

एक गृहस्थ तावातावाने आले, काउंट 2 कोटी 20 लाखांवरून 1 कोटी 40 लाखांवर आला म्हणून. विचारलं तर पहिला नमुना पाच दिवस संयम पाळून दिलेला, दुसरा एका दिवसाने आणि वेगळ्याच लॅबमध्ये. लॅबवाले दोन ते सात दिवस सांगतात, ते पाळा. दोन्ही वेळा दिवस सारखे, लॅब एकच. नाहीतर पैसे जातात आणि घरात भांडण होतं ते वेगळंच.

उघडलेलं पाकीट आम्ही परत घेत नाही, त्याचं कारण हेच. "हमखास गुण" असंही लिहून देत नाही. तसल्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, आणि नसती तरी दिलं नसतं.

मालाबद्दल मात्र बोलणारच. अश्वगंधेची मुळं नीमचच्या बाजारातली, अख्खी दाखवून तुमच्यासमोर दळून देतो. पानं मिसळलेलं चूर्ण स्वस्त पडतं, ते आमच्याकडे मिळणार नाही. कवचबीज (खाजकुइलीचं बी) दुधात उकळून, साल सोलून मगच दळतो. त्याला दोन दिवस जातात, म्हणून आधी फोन करा. अर्काची कॅप्सूल आणि चूर्ण यांचं प्रमाण एक नाही. अर्क चमच्याने खाऊ नका.

थायरॉइडची किंवा झोपेची गोळी चालू असेल, यकृताचा त्रास असेल, तर वैद्यांना विचारल्याशिवाय अश्वगंधा देत नाही. जिममध्ये कोणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, त्याने शुक्राणू घटतात. तंबाखू चालू ठेवून आमचं चूर्ण नेणाऱ्यांना मी तोंडावर सांगतो, पैसे वाचवा.

पहिला रिपोर्ट असेल तर घेऊन या, नसेल तर चूर्णाआधी तो काढा. पाकिटावर आम्ही सुरुवातीची तारीख घालतो आणि तीन महिन्यांनंतरची, तपासणीची. मधे काही त्रास झाला तर लगेच थांबवून फोन करा. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते, निवांत बोलता येतं.