निळाशार समुद्र म्हणजे उपाशी समुद्र

अंदमान नाहीतर मालदीवचे फोटो बघितले की आपल्याकडच्या माणसाला वाटतं, समुद्र असावा तर असा, पाणी निळंशार आणि तळ आरपार दिसतोय. आपला सातारा-सांगलीवाल्यांचा समुद्र म्हणजे सुट्टीतलं गणपतीपुळे, नाहीतर घाट चढून येणारी मासळीची गाडी, त्यामुळं रंगावर जाणं साहजिक आहे. पण पाणी एवढं स्वच्छ दिसतंय याचा अर्थ त्यात काही उगवलेलंच नाही. उलट युरोपकडचा नॉर्थ सी बघा, हिरवट, करडा, फोटो काढावा असं काही नाही, आणि शेकडो वर्षं लोकांनी तिथनं कॉड आणि हेरिंग बोटी भरभरून उपसलंय.

असं का, तर समुद्रातलं जवळजवळ सगळं खाणं शेवटी वनस्पती-प्लँक्टनवर उभं आहे, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती. त्यांना ऊन पाहिजे आणि नायट्रेट, फॉस्फेट पाहिजे, थोडक्यात आपल्या उसाला लागतं तेच. ऊन मिळतं वरच्या शंभरेक मीटरमध्येच, आणि खत मात्र खाली साठतं, कारण जे मरतं ते बुडतं आणि खोल जाऊन कुजतं. गोदामात युरियाची थप्पी लागलीय आणि रानात एक पोतं पोचत नाही, तसला प्रकार.

उष्ण कटिबंधात वरचं पाणी बारा महिने २७-२८ अंशाच्या आसपास. त्याखाली एक पट्टा येतो जिथं तापमान धाडकन उतरतं आणि हजार मीटरवर ते ५ ते १० अंशांवर येतं, हो, विषुववृत्तावरसुद्धा खालचं पाणी थंडगारच असतं, ते मुळात ध्रुवांकडनं खालून सरकत आलेलं असतं. गरम पाणी हलकं, थंड जड, म्हणून हे दोन थर एकमेकांत मिसळायला तयारच होत नाहीत. वाऱ्यानं वरचं पाणी घुसळलं तरी तेवढ्यानं खालचं खत वर येत नाही.

समशीतोष्ण पट्ट्यात हिवाळा हे काम करतो. वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली बसायला लागतं, त्यात वादळं, मग उत्तर अटलांटिकमध्ये काही ठिकाणी तर कित्येकशे मीटर खोलपर्यंत सगळं ढवळून निघतं आणि खत वर येतं. पण तेव्हा ऊन नसतं! एप्रिल-मे उजाडला की ऊन वाढतं, वरचा थर जरा गरम होऊन स्थिर होतो, आणि प्लँक्टन एवढं फोफावतं की सॅटेलाइटच्या फोटोत समुद्रावर हिरवे पट्टे दिसतात. पुढं ते खाणारे बारीक जीव, ते खाणारं हेरिंग, आणि मग मोठी धेंडं. भरीला थंड पाण्यात ऑक्सिजनही जास्त विरघळतो, ५ अंशाच्या पाण्यात ३० अंशाच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून थोडा जास्तच.

याचा माझ्या मते सगळ्यात भारी पुरावा म्हणजे हंपबॅक देवमासा. हा थंड पाण्यात उन्हाळाभर खाऊन घेतो आणि पिल्लं घालायला उष्ण समुद्रात येतो, आणि तिथं असेपर्यंत जवळजवळ उपाशी राहतो, अंगातल्या चरबीवर दिवस काढतो.

मग उष्ण समुद्रात प्रवाळबेटांवर एवढी गर्दी कशी? डार्विनच्या काळापासून हा प्रश्न लोकांना पडलाय. प्रवाळ आपल्या शरीरातच शेवाळ सांभाळतात, एकाचा कचरा दुसऱ्याचं खत, बाहेर फारसं काही जाऊच देत नाहीत. म्हणून तिथं जाती भरमसाट, पण एकेका जातीची संख्या बेताची. मिरजेच्या मासळी बाजारात एका नजरेत बांगडा, सुरमई, मांदेली, बोंबील, कोळंबी दिसते ती याच गरम पाण्याची तऱ्हा, थंड समुद्रात बोटच्या बोट एकाच माशानं भरते.

आता एवढं वाचून कोणी नकाशावर रेघ मारून मोकळा होईल, की थंड पट्ट्यातला समुद्र श्रीमंत, उष्ण पट्ट्यातला गरीब. तसं नाही. पेरूचा किनारा उष्ण कटिबंधातच येतो, पण तिथं वारे किनाऱ्याजवळचं पाणी बाहेर ढकलतात आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं, म्हणून तिथली अँकोव्हीची मासेमारी एका जातीच्या हिशोबानं जगात सगळ्यात मोठी. आणि आपला अरबी समुद्र तर दोनदा घुसळला जातो. पावसाळ्यात नैऋत्य मोसमी वारे सोमालिया, ओमानपाशी आणि थोडंफार केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालाही खालचं पाणी वर आणतात, तारली आणि बांगडा त्यावरच पोसतो. हिवाळ्यात उत्तरेकडनं कोरडा गार वारा येतो, तेव्हा गुजरात-पाकिस्तानच्या बाजूचं वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं, म्हणजे अटलांटिकचाच खेळ लहान प्रमाणात. त्यामुळं अरबी समुद्रातले हंपबॅक कुठं जातच नाहीत, बारा महिने इथंच राहतात, जगात बाकी कुठल्या हंपबॅकना हे जमलेलं नाही.

बंगालचा उपसागर मात्र त्याच अक्षांशावर असून वेगळा. गंगा-ब्रह्मपुत्रा, इरावती एवढं गोडं पाणी ओततात की उत्तरेकडं पावसाळ्यानंतर किलोभर पाण्यातलं मीठ ३० ग्रॅमच्याही खाली जातं, अरबी समुद्रात ते ३६ च्या आसपास असतं. हे हलकं पाणी वर झाकण घालून बसतं, खालचं खत वर येत नाही आणि वरची उष्णता खाली जात नाही, म्हणून तिकडं प्लँक्टन कमी आणि चक्रीवादळं जास्त.

त्या झाकणात थोडा वाटा आपलाही. महाबळेश्वरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत ६०-६५ किलोमीटरवर, पण तिथं पडलेला पाऊस कृष्णेतनं वाई, कराड, सांगली करत १४०० किलोमीटर लांब बंगालच्या उपसागराला जातो. कोयनेचं बरंचसं पाणी तेवढं वीज करून पोफळीला उतरतं आणि वाशिष्ठीतनं परत अरबी समुद्रात. बाकीचं कृष्णेचं पाणी अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर एवढे बांध ओलांडून जायचं असतं, त्यामुळं कमी पावसाच्या वर्षी समुद्रापर्यंत फारसं काही पोचत नाही.