बिडाचा रस, भट्टीचं लाइनिंग आणि ५१ किलोज्यूलची चूक

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छे वसाहतीत फाउंड्रीवाल्यांना विचारा, बिडाचा (कास्ट आयर्नचा) रस विजेच्या इंडक्शन भट्टीत फार तापवून धरला की काय होतं? कार्बन उतरतो, सिलिकॉन चढतं. भट्टीचं लाइनिंग, म्हणजे आतून ठोकून बसवलेली रॅमिंग मास, बहुतांशी सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) असते. रसातला कार्बन तिचा ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन उडून जातो. सुटं झालेलं सिलिकॉन रसात मिसळतं. नेहमीच्या बिडात हे साधारण १४०० ते १४५० अंश सेल्सिअसच्या पुढे सुरू होतं. शुद्ध कार्बन आणि शुद्ध सिलिका घेतली, तर मात्र १६५० च्या आसपास जावं लागतं.

हे तापमान भट्टी न पेटवताही काढता येतं. त्यासाठी प्रत्येक पदार्थ मूलद्रव्यांपासून घडताना किती उष्णता सुटते आणि त्याची एन्ट्रॉपी (कणांच्या विस्कळीतपणाचं माप) किती, हे लागतं. अभिक्रियेला लागणाऱ्या उष्णतेला एन्ट्रॉपीच्या वाढीनं भागलं की ती सुरू होण्याचं तापमान येतं. कोष्टकांत हे आकडे बहुधा २५ अंशांचे असतात. तिथून वर चढायचं तर नमुना तापवून एकदम कॅलरीमापीत टाकतात आणि त्यानं सोडलेली उष्णता मोजतात. क्वार्ट्ज, म्हणजे सिलिकाचं स्फटिकरूप, ५७३ अंशांवर रचना बदलतं (खानापूरच्या कुंभारांच्या भट्टीतही मातीतली वाळू याच टप्प्याला फुगते), त्यामुळे खालच्या मोजमापांची रेघ तशीच वर ओढून चालत नाही.

पण मुळातला आकडाच चुकला असेल तर? अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या १९५२ च्या कोष्टकात क्वार्ट्जची घडण-उष्णता मोलमागे उणे ८५९ किलोज्यूल आहे. आज ती उणे ९१०.७ मानतात. फरक ५१ किलोज्यूलचा. भट्टीतल्या या अभिक्रियेत एन्ट्रॉपी मोलमागे दर केल्विनला सुमारे ०.३६ किलोज्यूलनं वाढते. ५१ ला ०.३६ नं भागा, जवळपास १४० अंश येतात! बाकी आकडे तेच ठेवून जुन्या कोष्टकावर हिशेब केला, तर बीड १३०० अंशांनाच लाइनिंग खाऊ लागेल असं उत्तर निघेल. कुठलाही भट्टीवाला ते मान्य करणार नाही.

ही चूक सापडण्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. सिलिकॉन ऑक्सिजनमध्ये पुरतं जळत नाही. वर ऑक्साइडची साय धरते, आत कच्चं राहतं. १९६० च्या दशकात संशोधकांनी ऑक्सिजनची वाटच सोडली. सिलिकॉन आणि क्वार्ट्ज दोन्ही फ्लोरीनमध्ये वेगवेगळे जाळले. दोन्हींतून तोच वायू, सिलिकॉन टेट्राफ्लोराइड, तयार होतो आणि मागे न जळलेलं काही उरत नाही. दोन उष्णतांच्या वजाबाकीतून क्वार्ट्जचा आकडा मिळाला. अशा वेळी जुन्या-नव्या आकड्यांची सरासरी काढणं म्हणजे चूक निम्मी करून पुढं ढकलणं. म्हणून आकडे पारखणारा माणूस आधी मोजण्याची रीत तपासतो, मगच आकडा.

आज त्या किमतीतली अनिश्चितता अधिक-उणे १ किलोज्यूल आहे, म्हणजे या अभिक्रियेच्या तापमानात तीनेक अंश. आता जास्त काळजीनं पारखायचे ते रसात विरघळलेल्या सिलिकॉनचे आकडे, कारण १६५० चं तापमान १४०० च्या घरात उतरतं ते प्रामुख्यानं त्यांच्यामुळेच.